अँजिओप्लास्टीसाठी पुण्यात डॉक्टर निवडताना

प्रश्न असा आहे: वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढल्या की छातीत भरून येतं, थांबलं की चार-पाच मिनिटांत बरं वाटतं. टीएमटी (पट्ट्यावर चालवून केलेली ईसीजी तपासणी) पॉझिटिव्ह आली, फॅमिली डॉक्टरांनी अँजिओग्राफी (नळीतून डाय सोडून हृदयाच्या नसांचं चित्र काढणं) करून घ्या म्हणून सांगितलं. पुण्यात यासाठी सगळ्यात चांगला इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट (अँजिओप्लास्टी करणारा, म्हणजे नळी घालून हृदयाची अरुंद किंवा बंद नस उघडणारा डॉक्टर) कोण आणि तो शोधायचा कसा?

नावांची यादी देण्यात अर्थ नाही, कारण 'सगळ्यात चांगला' हे कशासाठी, यावर ठरतं. रात्री दोन वाजता बंद पडलेली नस उघडायला एक गोष्ट लागते, कॅल्शियमने दगडासारख्या झालेल्या नसेत स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) बसवायला दुसरी, आणि 'यांना स्टेंट नको, औषधं वाढवू' असं सांगायला तिसरी. तुमच्या वडिलांना सर्वांत आधी ही तिसरी गोष्ट असलेला डॉक्टर हवा.

चढल्यावर दुखतं, थांबल्यावर जातं आणि हे काही महिने तसंच चालू आहे, याला स्टेबल अंजायना म्हणतात. यात तुमच्या हातात दिवस नव्हे, आठवडे असतात. दोन डॉक्टरांचं मत घेता येतं, मेडिक्लेमचे कागद बघता येतात, औषधं सुरू करून फरक पडतो का ते पाहता येतं. पण चित्र बदललं तर हा वेळ संपतो. पूर्वी पन्नास पायऱ्यांवर दुखायचं ते आता दहा पायऱ्यांवर दुखू लागलं, बसल्या-बसल्या किंवा रात्री झोपेत दुखलं, दुखणं वीस मिनिटांहून जास्त टिकलं, सोबत दरदरून घाम आला, तर ओपीडीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखता नुसता दम लागणं, जबड्यात दुखणं, पोटाच्या वरच्या भागात जळजळणं एवढंच होऊ शकतं. 'पित्त झालं असेल' म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट बघण्यात फार माणसं गेली आहेत.

अशा वेळी डॉक्टर निवडायचा नसतो, रुग्णालय निवडायचं असतं, आणि तेही आजच ठरवून ठेवायचं. मोठ्या अटॅकमध्ये रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी आणि नव्वद मिनिटांच्या आत नस उघडणं हे जगभर मानलेलं उद्दिष्ट आहे. घराजवळच्या दोन रुग्णालयांत दिवसा जाऊन विचारा: कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) चोवीस तास चालू असते का? रात्री तंत्रज्ञ आणि नर्स आवारात असतात की घरून बोलावतात? डॉक्टर किती मिनिटांत पोहोचतात? रविवारी काय? 'आमच्याकडे कॅथलॅब आहे' आणि 'आमच्याकडे रात्री तीन वाजता अँजिओप्लास्टी होते' यांत पुष्कळ अंतर आहे.

पुण्यात याला भूगोलाची जोड द्यावी लागते. संध्याकाळी सात वाजता हिंजवडीहून कॅम्पातल्या नामांकित रुग्णालयात जायला जितका वेळ लागेल, तितक्यात वाकड-पिंपरी भागातच नस उघडून झालेली असेल. पेठांत राहणाऱ्यांनी विसर्जन मिरवणुकीच्या आणि पालखीच्या दिवशी आपण बंद रस्त्यांच्या कोणत्या बाजूला अडकणार, ते बघून त्या बाजूचं रुग्णालय ठरवावं. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेही लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा, पेशंटला स्वतः गाडी चालवू देऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) मात्र डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तरच. बीपी आधीच खाली असेल तर ती गोळी धोक्याची ठरते.

आणि गावाकडची माणसं, भोर किंवा जुन्नरच्या आतल्या भागातली, अटॅक आल्यावर थेट पुण्याकडे निघतात. नस उघडायला १२० मिनिटांहून जास्त लागणार हे दिसत असेल, तर जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेणं आणि मग पुण्यात येणं हाच बरोबर मार्ग आहे. इंजेक्शननंतर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करतात. इंजेक्शनने नस उघडली नाही तर त्याही आधी.

आता तुमच्या वडिलांकडे. पदवी आधी तपासा. एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, मग कार्डिओलॉजीत तीन वर्षांचं डीएम किंवा डीएनबी, ज्याला आता डॉ.एनबी म्हणतात. अँजिओप्लास्टी करणाऱ्याकडे ही सुपरस्पेशालिटीची पदवी असलीच पाहिजे. पाटीवर 'हृदयरोगतज्ज्ञ' लिहिलेलं असतं आणि खाली डी.कार्ड. किंवा क्लिनिकल कार्डिओलॉजीचा डिप्लोमा असतो. असे डॉक्टर बीपी, औषधं, ईसीजी नीट सांभाळत असतील, पण तुमच्या कामाची पात्रता ती नव्हे. एफएसीसी, एफईएससी, एफएससीएआय ही अक्षरं परदेशी संघटनांची सन्मान-सदस्यत्वं आहेत, शिक्षण नव्हे. ती असली तर चांगलंच, नसली तर काही अडत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून नोंदणी चालू आहे का हे बघता येतं. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं.

सगळेच कार्डिओलॉजिस्ट स्टेंट बसवत नाहीत. ठोके अनियमित पडत असतील तर इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट लागतो, जन्मजात दोषासाठी बालहृदयरोगतज्ज्ञ, बायपाससाठी एमसीएच झालेला सर्जन. आणि स्टेंट बसवणाऱ्यांतही सगळे सगळ्या नसांना हात घालत नाहीत, घालूही नये. महिनोन्महिने पूर्ण बंद असलेली नस, म्हणजे सीटीओ, डावी मुख्य नस, नसेला शाखा फुटते त्या फाट्यावरचा ब्लॉक, रोटाब्लेशनने कॅल्शियम घासून काढणं, ही कामं शहरात मोजकीच माणसं नियमित करतात. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१३ मध्ये घातलेली किमान मर्यादा एका डॉक्टरला वर्षाला ५० आणि रुग्णालयाला २०० अँजिओप्लास्टी अशी आहे. पुण्यातल्या कामात असलेल्या डॉक्टरला ५० हा आकडा अवघड नाही. म्हणून 'एकूण किती हजार केल्या' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. 'वडिलांच्या नसेत आहे तसला ब्लॉक तुम्ही महिन्याला किती वेळा करता?' हा विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. काहीजण स्वतःहून सांगतात की याला अमुक सहकाऱ्याला बरोबर घेऊ. असं सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवा.

पुण्यात बरेच कार्डिओलॉजिस्ट दोन-तीन रुग्णालयांशी जोडलेले असतात. ओपीडी एकीकडे, प्रोसिजर दुसरीकडे. तेव्हा प्रोसिजर नक्की कुठे होईल, तिथे बायपासचा सर्जन आवारात आहे का, रात्री आयसीयूत कोण असेल आणि डॉक्टर स्वतः करणार की त्यांच्या टीममधलं कुणी, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

त्या पहिल्या भेटीतच डॉक्टरची पारख होते. त्याने काय विचारलं ते बघा. दुखतं कधी, किती पायऱ्यांवर, थांबल्यावर किती मिनिटांनी जातं, वडिलांना दिवसभरात काय-काय करायचं असतं, कोणती औषधं कोणत्या डोसमध्ये चालू आहेत, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती. टीएमटीचा कागद उलटून 'उद्या अ‍ॅडमिट व्हा' एवढंच म्हणणारा डॉक्टर हुशार असेल, पण तुमच्या वडिलांसाठी तो अपुरा आहे.

यामागे ठोस कारण आहे. स्टेबल अंजायनात स्टेंट घातल्याने आयुष्य वाढतं किंवा पुढचा अटॅक टळतो, असा बहुतेकांचा समज असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या करेज आणि २०२० च्या इस्केमिया या मोठ्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. इस्केमियात पाच हजारांहून जास्त रुग्ण होते. नीट दिलेली औषधं आणि औषधं अधिक स्टेंट किंवा बायपास, या दोन गटांत मृत्यू आणि अटॅक मिळून फरक पडला नाही. स्टेंटने दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं, हे मात्र खरं आहे. २०२३ च्या ऑर्बिटा-२ अभ्यासातही ते दिसलं. म्हणजे स्टेबल रुग्णात प्रश्न 'जीव वाचेल का' हा नसून 'औषधं घेऊनही त्रास राहतोय का' हा आहे. याला अपवाद आहेत: डाव्या मुख्य नसेत ब्लॉक, हृदयाचं पंपिंग बरंच खाली आलेलं, किंवा तीनही नसा खराब. म्हणून अँजिओग्राफी करणं चूक नाही. ती केल्यावर पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं नसणं चूक आहे.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सविस्तर लिहितो. वडील कॅथलॅबच्या टेबलावर, मनगटात नळी. बाहेर तुम्ही, आई आणि काका. दार उघडतं. स्क्रीनवर नस दाखवून सांगतात: नव्वद टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, परत नळी घालायला नको. दहा मिनिटांत सांगा. या क्षणी नाही म्हणायची ताकद कुणात नसते आणि हो म्हणण्यामागे विचारही नसतो. अटॅकच्या रुग्णात हा निर्णय लगेच घ्यावाच लागतो, तिथे घोळ घालू नका. स्टेबल रुग्णात घाई नाही. अँजिओग्राफीची तारीख घेतानाच डॉक्टरांना तुमचं म्हणणं सांगा आणि संमतीपत्रावर लिहा: 'फक्त अँजिओग्राफी. पुढचा निर्णय चर्चेनंतर.' किंवा अट घालून हो म्हणा: एकाच नसेत सरळसाधा ब्लॉक असेल आणि त्रास त्याचाच असेल तर करा; दोन-तीन नसा, डावी मुख्य नस किंवा फाटा असेल तर थांबा. दुसऱ्यांदा नळी घालायचा खर्च आणि त्रास खरा आहे, पण मधुमेही माणसाला चुकीच्या पद्धतीने तीन स्टेंट बसण्यापुढे तो काहीच नाही.

मधुमेहाचं का म्हणालो? २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात मधुमेह आणि एकाहून जास्त नसा खराब असलेल्या रुग्णांत पाच वर्षांनी बायपासच्या गटात मृत्यू आणि अटॅक कमी होते, पक्षाघात थोडे जास्त. अशा रुग्णांत सिंटॅक्स स्कोअर, म्हणजे ब्लॉक किती गुंतागुंतीचे आहेत याचा आकडा, काढतात. २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम, ३३ किंवा वर जास्त गुंतागुंत. स्कोअर विचारा आणि सर्जनचं मत समोरासमोर घ्या. 'छाती फाडण्यापेक्षा स्टेंट बरा' हे वाक्य नातेवाईक बोलतात, ते समजण्यासारखं आहे. डॉक्टरने ते वाक्य वापरून निर्णय घडवू नये.

टक्क्यांबद्दलही एक गोष्ट. अँजिओग्राफीत दिसणारा '७० टक्के' हा बहुधा डोळ्यांचा अंदाज असतो. ५० ते ७० च्या मधल्या ब्लॉकने रक्तपुरवठा खरंच अडतोय का, हे नसेत दाब मोजणारी तार घालून ठरवता येतं. या मोजणीचा आकडा, म्हणजे एफएफआर, ०.८० किंवा कमी आला तर अडथळा खरा. 'मधला ब्लॉक निघाला तर एफएफआर करता का?' हे आधीच विचारा. स्टेंट बसवायचाच झाला तर नसेच्या आतून पाहण्याची सोय, आयव्हीयूएस (अल्ट्रासाउंडने) किंवा ओसीटी (प्रकाशाने), त्या कॅथलॅबमध्ये आहे का आणि डॉक्टर ती वापरतात का, हेही विचारा. स्टेंट बंद पडण्यामागे बऱ्याचदा स्टेंट वाईट असणं हे कारण नसतं; तो पूर्ण फुलला नाही, भिंतीला टेकला नाही किंवा आजारी भागाच्या कडेवर संपला, ही कारणं असतात. बाहेरून चित्र सुंदर दिसतं, आतून कळतं. डावी मुख्य नस, खरा फाटा, लांब ब्लॉक यांत आतून पाहावं, ही युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत २०२४ पासून पहिल्या दर्जाची शिफारस आहे. प्रोसिजर मनगटातून करतात की जांघेतून? मनगटातून रक्तस्राव कमी होतो आणि माणूस लवकर उठून बसतो. आजही सरसकट जांघेतूनच करणाऱ्याला कारण विचारावं. किडनीचा आजार असेल, डायलिसिसची शक्यता असेल, तर मात्र मनगट राखून ठेवण्याचं कारण योग्य असू शकतं.

सीटी अँजिओ करून आलेल्यांना एक सूचना: नसांत कॅल्शियम जास्त असेल तर सीटीत ब्लॉक आहे त्याहून मोठा दिसतो. नुसत्या सीटीच्या कागदावर स्टेंटची तारीख ठरवू नका.

दुसरं मत घ्यायचं तर अँजिओग्राफीची सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या. छापील अहवाल आणि मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो यांवर कुणीही प्रामाणिक मत देऊ शकत नाही. नोंदी मागणं हा तुमचा हक्क आहे आणि लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. सोबत टूडी इको, टीएमटीचे आलेख, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), आधीचे सगळे ईसीजी आणि चालू औषधांची यादी. दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याचं मत आधी सांगू नका, सीडी बघून त्याचं मत येऊ द्या. शक्य असेल तर दुसरं मत वेगळ्या रुग्णालयातून घ्या, आणि फॅमिली डॉक्टरांना दोन्ही दाखवा. कुठल्या डॉक्टरच्या रुग्णांची पुढची दोन वर्षं कशी जातात, हे अनुभवी फॅमिली डॉक्टरला नेटवरच्या ताऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

पैशांचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटवर २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. २०१८ मध्ये ती थोडी खाली आली, पण नंतर वाढत अलीकडे ३८ हजारांच्या पुढे गेली आहे, वर कर. परदेशी असो वा देशी, मर्यादा तीच. 'इम्पोर्टेड घ्या, दीड लाखाचा आहे' असं कुणी म्हटलं तर ते बेकायदा आहे. सुरतेत बनणाऱ्या सुप्राफ्लेक्स स्टेंटची युरोपात झालेल्या टॅलेंट अभ्यासात, २०१९ साली, नावाजलेल्या परदेशी स्टेंटशी तुलना झाली आणि तो कमी ठरला नाही. उलट विरघळणारा अ‍ॅब्सॉर्ब स्टेंट मोठ्या जाहिरातीने आला आणि गुठळ्या जास्त होतात म्हणून २०१७ मध्ये बाजारातून गेला. नवीन म्हणजे चांगला, असं धरू नका. बिलात स्टेंट, बलून, कॅथेटर, वायर वेगवेगळे दाखवावे लागतात. स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलला लावलेलं बघा. किंमत मर्यादा फक्त स्टेंटवर आहे. आयव्हीयूएसचा कॅथेटर, रोटाब्लेशन, कॅल्शियम फोडणारा आयव्हीएल बलून यांवर नाही, आणि बिल फुगतं ते तिथे. इस्टिमेट घेतानाच 'या गोष्टी लागल्या तर किती?' हे लिहून घ्या. मेडिक्लेममध्ये खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली तर अनेक पॉलिसींत बाकीच्या खर्चातही त्याच प्रमाणात कपात होते. डीलक्स खोली म्हणून महाग पडते.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. ठरवून केलेल्या प्रोसिजरला आधी मंजुरी लागते; तातडीत फोनवर नोंद करून उपचार सुरू होतात. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात करायचा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, दाखल होतानाच. ससूनचा रस्ताही खुला आहे. घरात कुणी सैन्यातून निवृत्त असेल तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफर होता येतं. वानवडीतली लष्कराची हृदय-छाती विज्ञान संस्था (एआयसीटीएस) देशातल्या जुन्या केंद्रांपैकी आहे.

प्रोसिजरच्या आधी डॉक्टरांनी न विचारता तुम्हीच सांगायच्या गोष्टी: क्रिएटिनिन वाढलेलं आहे का, कारण डायने किडनीवर ताण येतो, मेटफॉर्मिन चालू आहे, ती कधी थांबवायची, आयोडीनच्या डायची किंवा कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर तो, कारण मग प्रासुग्रेल हे रक्त पातळ करणारं औषध देता येत नाही, मूळव्याधीतून किंवा शौचातून रक्त जातं का, आणि पुढच्या वर्षात हर्निया, प्रोस्टेट, गुडघा असं कुठलं ऑपरेशन ठरलं आहे का. शेवटचं बहुतेकजण सांगायला विसरतात. स्टेंटनंतर दोन रक्त पातळ करणारी औषधं एकत्र घ्यावी लागतात, स्टेबल रुग्णात साधारण सहा महिने, अटॅकनंतर साधारण वर्ष, आणि मग एक औषध कायम. मधेच ती बंद झाली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन मोठा अटॅक येऊ शकतो. सहा महिन्यांत ऑपरेशन अटळ असेल तर तेच स्टेंट न टाकण्याचं किंवा पुढे ढकलण्याचं कारण होऊ शकतं.

डिस्चार्जच्या कागदावर कोणत्या नसेत, कोणत्या कंपनीचा, किती लांबीचा आणि व्यासाचा स्टेंट, तारीख आणि दोन्ही औषधं किती महिने, हे सगळं लिहिलेलं घ्या. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दात काढायचा झाला आणि दंतवैद्याने गोळ्या थांबवायला सांगितल्या, तर आधी तुमच्या कार्डिओलॉजिस्टला फोन करा. त्या फोनला उत्तर कोण देणार, डॉक्टर स्वतः, त्यांचा सहायक की नुसती रिसेप्शन, हेही पहिल्या भेटीतच विचारून ठेवा.